डोके एकच, कायदे मात्र अनेक

संध्याकाळी वाळूजची पाळी सुटली की रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहून पाहा. चौकात पोलीस दिसला की आरशाला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढते आणि चौक ओलांडला की पुन्हा आरशाला लटकते. रविवारी तर वेगळेच चित्र असते. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बसलेल्या पत्नीच्या डोक्यावर पदर आणि पेट्रोलच्या टाकीवर बसलेल्या लेकराचे डोके उघडे!

ज्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात, तिथली ही गोष्ट आहे. मोटारसायकल घडवणारे हात आपले. पण ती चालवताना स्वतःचे डोके जपायला आपण विसरतो.

मध्यंतरी वस्तीतल्या एका तरुणाने आम्हाला विचारले, "काका, गुजरातमध्ये म्हणे शहरात हेल्मेट लागत नाही. मग आपल्यालाच कशाला?" प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही थोडी माहिती काढली.

आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर यंत्रचलित वाहनांचा विषय आहे. म्हणजे या विषयावर केंद्रालाही अधिकार आहे आणि राज्यालाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ सर्व देशाला हेल्मेट सांगते. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. मात्र नियम करून आणखी सवलती देण्याची मुभा त्याच कलमाने राज्यांना दिली आणि तिथून वाटा फुटल्या.

दिल्लीत कित्येक वर्षे महिलांना हेल्मेटची सक्ती नव्हती. ती २०१४ साली आली आणि सूट फक्त शीख महिलांपुरती उरली. गुजरात सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचे जाहीर केले, पण ती सवलत पुढे टिकली नाही. आमच्या तरुण मित्राने ऐकलेली गोष्ट अर्धीच होती, ती अशी. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १,००० रुपये आणि परवाना तीन महिने निलंबित, अशी शिक्षा ठेवली. गुजरातने दंड ५०० रुपयांवर आणला, महाराष्ट्रानेही ५०० च ठेवला. पुण्यात तर जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला. आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, फेब्रुवारी २०१६ पासून सक्ती सुरू झाली. काही दिवस सारे शहर हेल्मेटमध्ये दिसले. पुढे तपासणी सैल झाली, तशी डोकीही उघडी पडली.

जगातही हेच आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ सालीच हेल्मेट सक्तीचे केले. अमेरिकेत मात्र काही राज्यांत सर्वांना सक्ती, काही ठिकाणी फक्त तरुणांना, तर इलिनॉय, आयोवा, न्यू हॅम्पशायर या राज्यांत मोटारसायकलस्वारांना सक्तीच नाही. आपल्यासारख्याच दुचाकींनी गजबजलेल्या व्हिएतनामने डिसेंबर २००७ मध्ये सर्व रस्त्यांवर सक्ती केली, कडक अंमल केला आणि लोकांना सवय लागली.

राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. पण डांबर तेच असते आणि कवटीही तीच असते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातात मेले. त्यापैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. ही मागे बसलेली माणसे कोण? आपल्याच आया, बहिणी, पत्नी आणि मुले.

आम्ही एका तरुण कंत्राटी कामगाराच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. बीड बायपासवर गाडी घसरली. त्याने हेल्मेट घातले होते, तो खरचटण्यावर निभावला. मागे बसलेली पत्नी गेली. दोन लहान लेकरे आजीच्या मांडीला बिलगून बसली होती. बराच वेळ तो गप्प होता. मग एवढेच म्हणाला, "काका, घरात हेल्मेट एकच होतं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

घरात दुचाकी एक आणि हेल्मेटही एक, हा हिशेबच चुकीचा आहे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा मांडून पाहायची आम्हाला सवय. दोनदा पावती फाटली, तर जवळजवळ त्याच पैशांत चांगले हेल्मेट येते. महिलांच्या बचत गटांनी, कामगारांच्या पतसंस्थांनी एकत्र खरेदी केली तर आणखी स्वस्त पडेल. मात्र रस्त्यावरचे प्लॅस्टिकचे टोपले घेऊ नका. जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याचेच हेल्मेट विकण्याचे बंधन आहे. तो शिक्का पाहूनच घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून बांधा. पट्टा न बांधलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते.

खड्डे बुजवा, दिवे लावा, ही मागणी आपण महापालिकेकडे करूच. तो आपला हक्क आहे. पण खड्डा बुजेपर्यंत डोके थांबत नाही. तेव्हा या महिन्याच्या पगारात दुसरे हेल्मेट घरी आणा आणि ते आधी मागे बसणारीच्या डोक्यावर चढवा.