पाळीव खेकडे आणि पाण्याची लवणता

प्राणिशास्त्र विभागांतील काचटाक्यांत व अलीकडे घरांतही खेकडे पाळले जातात. अन्न आणि निवारा यांची काळजी बहुधा घेतली जाते. पाणी मात्र नळाचेच वापरले जाते. बहुतेक खेकडे दगावतात ते येथेच.

मत्स्यालयाच्या दुकानांत ‘गोड्या पाण्यातील’ म्हणून विकला जाणारा लाल नांग्यांचा छोटा खेकडा वस्तुतः आग्नेय आशियातील खारफुटीच्या चिखलातला रहिवासी आहे. भरती-ओहोटीच्या निमखाऱ्या पाण्याला त्याचे शरीर सरावलेले असते. गोड्या पाण्यात तो तत्काळ मरत नाही, ही खरी अडचण होय. बाहेरच्या पाण्यापेक्षा रक्त अधिक खारट असल्याने परासरणामुळे पाणी शरीरात शिरत राहते व क्षार बाहेर झिरपतात. ही हानी भरून काढण्यासाठी कल्ल्यांतील पेशींना सोडियम व क्लोराइडचे आयन अखंड आत ओढावे लागतात. त्यात शक्ती खर्ची पडते, प्राणी क्षीण होत जातो आणि पाळणारा दोष खाद्याला देतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या खेकड्याला ८ ते १२ ग्रॅम साधारणतः पुरतात. ते सागरी मिश्रणाचे असावेत. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा योग्य पुरवठा नसतो. बाष्पीभवनात केवळ पाणी जाते, क्षार मागे राहतात. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरावी.

सह्याद्रीतील ओढ्यांचे खेकडे आणि कोकणात पावसाळ्यात दिसणारे मुठे यांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंड्यांतून डिंभ नव्हे, तर थेट चिमुकले खेकडे बाहेर पडतात; समुद्राशी त्यांचा संबंध उरलेला नाही. त्यांना मीठ घालणे व्यर्थ होय. तथापि त्यांना ओढ्यांतून उचलून आणणे उचित नव्हे. ‘घाटियाना’ ही पश्चिम घाटातील प्रजाती २०१४ मध्ये प्रथम वर्णिली गेली, यावरून हा प्राणिसमूह किती अपरिचित आहे हे कळते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना अपायकारक असते. पाणी दिवसभर उघडे ठेवल्यास ते बहुतांशी निघून जाते. क्लोरामाइन मात्र जात नाही. विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया निर्माण होतो. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खेकडा टाकीत सोडू नये. सामू वाढला की अमोनियाची विषारता वाढते. माशांच्या रोगांवरील ताम्रयुक्त औषधे तर पूर्णतः वर्ज्य समजावीत. खेकड्याच्या रक्तातील हिमोसायनिनमध्ये तांबे असते हे खरे, परंतु पाण्यात विरघळलेले तांबे त्याला घातक ठरते.

कात टाकताना या सर्व बाबींची कसोटी लागते. नव्या मऊ कवचास कॅल्शियम पाण्यातून व टाकलेली कात खाऊन मिळते. ती कात मेलेला खेकडा समजून फेकून दिली जाते, असे पुष्कळदा घडते.