लौकिक विद्यापीठाचा, अनुभव विद्यार्थ्याचा

मुंबई विद्यापीठाचा लौकिक हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचाच एक भाग आहे. १८५७ साली कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे समाजशास्त्रात प्रा. घुर्ये यांनी आणि अर्थशास्त्रात प्रा. वकील व प्रा. ब्रह्मानंद यांनी या लौकिकात मोलाची भर घातली. २०२१ साली ‘नॅक’ने ‘ए प्लस प्लस’ ही सर्वोच्च श्रेणी दिल्याने त्यावर अधिकृत मुद्राही उमटली. हा लौकिक खोटा आहे, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, त्यात सामान्य विद्यार्थ्याचा वाटा किती?

या प्रश्नाचे मूळ विद्यापीठाच्या घडणीतच आहे. तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर हे विद्यापीठ प्रथम केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून उभे राहिले. अध्यापनाचे काम महाविद्यालयांकडे होते. १९०४ च्या कायद्याने अध्यापनाचा मार्ग मोकळा झाला आणि कालांतराने पदव्युत्तर विभाग निघाले. तथापि पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी आजही पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या सातशेहून अधिक संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. कणकवलीच्या विद्यार्थ्याला कलिन्याच्या ग्रंथालयाचा वा तेथील विद्वानांचा लाभ क्वचितच होतो. त्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे प्रवेशपत्र, प्रश्नपत्रिका आणि गुणपत्रिका. ‘नॅक’ही विद्यापीठाचे व संलग्न महाविद्यालयांचे मूल्यांकन स्वतंत्रपणे करते. विद्यापीठाची श्रेणी ही त्याच्या महाविद्यालयाची श्रेणी नव्हे.

म्हणूनच परीक्षा विभागाची कार्यक्षमता ही दुय्यम बाब ठरत नाही. २०१७ साली पुरेशा पूर्वतयारीविना संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याचा घाट घालण्यात आला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे काम रेंगाळले. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावण्याचे कायद्याचे बंधन बाजूला पडले आणि पुढील प्रवेशासाठी व नोकरीसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी महिनोन्‌महिने ताटकळले. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. उत्तरदायित्व निश्चित झाले खरे, परंतु विद्यार्थ्यांचा गेलेला काळ भरून निघाला नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत लौकिक हे संचित भांडवल आहे. त्याची झीज लगेच दिसत नाही. पदवीवर नाव एकच असले तरी तिच्यामागील अध्यापनात महदंतर असते, हे नोकरी देणारा जाणतो. त्यामुळे तो विद्यापीठाऐवजी महाविद्यालयाचे नाव पाहू लागतो. काही नामांकित महाविद्यालयांनी स्वायत्तता पत्करली आहे. त्यांना स्वतःचा अभ्यासक्रम आखता येतो, स्वतःची परीक्षा घेता येते. ज्यांना अशी पत नाही, त्या लहान गावांतील महाविद्यालयांच्या हुशार विद्यार्थ्यालाच घसरत्या लौकिकाची किंमत मोजावी लागते. त्याच्याजवळ विद्यापीठाच्या नावाखेरीज दुसरी शिफारस नसते.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रत्येक संलग्न महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकांची संख्या, रिक्त पदे व ग्रंथालयावरील खर्च विद्यापीठाने दरवर्षी प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करावा. निकालाच्या नियोजित व प्रत्यक्ष तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. संलग्नता चालू ठेवताना या माहितीचा आधार घ्यावा. रानडे-भांडारकरांचा वारसा सांगण्याचा विद्यापीठाला अधिकार आहेच. मात्र तो वारसा दूरच्या महाविद्यालयातील शेवटच्या बाकापर्यंत पोचविण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे.