आमटीत कालवलेली गोळी

विरार लोकलच्या डब्यात एक पत्रक हमखास चिकटवलेलं दिसतं: पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा. नालासोपारा-वसईत ते वाचणारी बाई बहुधा सगळे उपाय करून थकलेली असते. पत्रकातली पावडर कशाची, ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाची गोळी चुरून आमटीत कालवायचा सल्लाही शेजारपाजारी मिळतो. ‘चवही लागत नाही, अपायही नाही’ हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनवतं, मग ते निरुपद्रवी करून टाकतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरीच अडवतं. वर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असेल तर माणूस दगावूही शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. गोळीचा पत्ताच नसलेला माणूस पिणं टाळणार कसा?

म्हणजे औषधच वाईट, असंही नाही. मुंबईच्या डॉ. अविनाश डिसूझा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात 100 पुरुष होते आणि प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी औषधाकडे लक्ष द्यायला तयार होतं. वर्षअखेरीला डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी 86 टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोन हे दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी 44 टक्के. गोळी तीच, पाठीशी घरचंच माणूस. फक्त इथे घेणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. मला तर हाच फरक सगळ्यात मोलाचा वाटतो.

नाल्ट्रेक्सोनही टाकाऊ नाही; त्या गटात तलफ कमी होती. पिण्यातली मजाच ते कमी करतं आणि पिणं चालू असतानाही सुरू करता येतं. अ‍ॅकॅम्प्रोसेट या तिसऱ्या औषधाचा यकृतावर भार पडत नाही, मात्र आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. या तिन्ही औषधांची नशा चढत नाही, त्यामुळे ‘एक व्यसन सुटून दुसरं लागेल’ ही भीती नको.

‘मनावर घेतलं की उद्यापासून बंद!’ हेही घरोघरी ऐकू येतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर पहिल्या तीन-चार दिवसांत हात कापतात, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. म्हणून डॉक्टर सुरुवातीचे काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध आणि थायमिन देतात. कुठे जायचं ते कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बरळू लागला, तर थेट 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.