ताकदीची गोळी नको, आधी हृदय तपासा

वर्तकनगरच्या वस्तीत पुरुष बीपी-शुगरबद्दल बोलतात, पण लिंगाला ताठरता येत नाही हे बायकोलाही सांगत नाहीत. बंधूंनो, ही हृदयाची आगाऊ सूचना असू शकते.

लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी त्या आतून अरुंद होतात. त्रास आधी बारीक वाहिनीत दिसतो. छातीत कळ दोन-पाच वर्षांनी येऊ शकते. ताण, दारू, काही औषधे हीही कारणे असतात.

म्हणून वारंवार असे होत असेल, तर भोंदूकडे न जाता महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा. गरज पडल्यास ईसीजी. सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी ताकदीची गोळी मुळीच घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. मग आपण डॉक्टरांसमोर का लाजावे? ताईंनो, टोमणा मारू नका, सोबत जा.