मानव्यविद्येची पदवी झाली, पुढं?

तळवड्याच्या आयटी पार्कशेजारी राहणारे पालक काळजीनं विचारतात, इतिहास, भाषा, समाजशास्त्र एकत्र शिकलेल्या मुलीनं पुढं काय करायचं? दारं बरीच आहेत. पुण्याचं डेक्कन कॉलेज १८२१ पासूनचं. तिथं भाषाशास्त्रात किंवा पुरातत्त्वात एम.ए. करता येतं. टाटा समाजविज्ञान संस्था मुंबईबरोबरच तुळजापूरलाही आहे. गावपातळीवरच्या कामाची ओढ असेल, तर मी तुळजापूरच सुचवीन. चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के असतील, तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. लगेच नोकरी हवी असेल, तर सॉफ्टवेअर कंपन्यांत माहितीपुस्तिका लिहिणं, वापरणाऱ्यांच्या अडचणी समजून घेणं, मराठीकरण अशी कामं असतात. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत स्वतः लिहिलेले दोन-तीन नमुने जरूर न्यावेत.