घर हीच शाळा, पालकच शिक्षक

शर्टाचे बटण लावणे ही आपल्या दृष्टीने क्षणाची बाब. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाला मात्र तेच शिकविताना त्या कामाचे अनेक तुकडे करावे लागतात. काज शोधायचे, बटण आडवे धरायचे, ते काजातून अर्धे ढकलायचे, पलीकडून चिमटीत पकडून ओढायचे... विशेष शिक्षणाच्या परिभाषेत याला कार्य-विश्लेषण म्हणतात. गंमत अशी, की पुष्कळदा सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली जाते. बाकी सारे आई करते, अखेरचे ओढणे तेवढे मुलाने करायचे. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकेक पायरी मागे सरकत आईचा हात बाजूला होत जातो.

हे तंत्र विशेष शाळांतील शिक्षकांना नवे नाही. अडचण निराळीच आहे. शाळेतल्या टेबलावर दहापर्यंत मोजणारे मूल घरी चार वाट्या मांडायला सांगितल्यावर गोंधळते. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे या मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, अवघड जाते. म्हणूनच जे जिथे वापरायचे, ते तिथेच शिकविणे श्रेयस्कर ठरते. कुकरच्या शिट्ट्या, पानावर वाढायच्या पोळ्या, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे हाच अभ्यासक्रम. दिवसभरातील कामांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावली, तर पुढे काय होणार हे न बोलणाऱ्या मुलालाही कळते आणि त्याची चिडचिड बरीच कमी होऊ शकते.

पालकांना शिक्षक बनविण्याचा हा विचार तसा जुना. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी १९६९ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. ग्रामीण भागात विखुरलेल्या मुलांना रोज एका केंद्रात आणणे शक्य नव्हते. त्यामुळे शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जात असे. ती मुलाला नव्हे, तर आईवडिलांना शिकवी आणि पुढचा आठवडाभर सराव ते घेत. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० कौशल्यांची त्यांची यादी पुढे अनेक देशांत वापरली गेली.

आपल्याकडे दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली. त्या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई. या संस्थेने पालक आणि मूल यांना एकत्रच बसवून काही आठवडे प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजविली. दूरदूरच्या शहरांतून कुटुंबे त्यासाठी दिल्लीत मुक्काम करीत आली आहेत.

गोव्यातील प्रयोग तर अधिक जवळचा. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती. मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळतानाचे चित्रण करायचे आणि नंतर पालकांसोबत बसून ते पाहायचे, असे १२ सत्रांचे स्वरूप होते. आपण सूचनांचा किती भडिमार करतो आणि मुलाने स्वतःहून केलेली खूण कशी निसटते, हे पडद्यावर दिसते. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलेही संवादासाठी अधिक पुढाकार घेऊ लागली. दोघांनी एकाच गोष्टीत एकत्र रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांनी हा भागही वाचावा.

कायद्यातही घराला जागा आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याची मुभा दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हा पर्याय कायम ठेवला. मात्र मुभा मुलाची आहे, शाळेची नव्हे. 'तुम्ही घरीच शिकवा ना' असे सौम्य शब्दांत सुचवून प्रवेश टाळणे म्हणजे तरतुदीचा अर्थ उलटा करणे होय. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे.

दुसरा धोका घरातलाच. पालक म्हणताना बहुतेक ठिकाणी आईच अभिप्रेत असते. नोकरी तिने सोडायची, व्यायाम तिने घ्यायचे, प्रगती खुंटली की बोलही तिनेच ऐकायचे. प्रत्येक घास आणि प्रत्येक खेळ धडा झाला, तर मुलाला शिक्षिका मिळते पण आई हरवते. दिवसातून दहा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन ठरलेले सराव, आंघोळ किंवा फिरणे बाबांकडे आणि उरलेला वेळ निव्वळ घरपणाचा, अशी वाटणी अधिक काळ टिकते. भावंडाला मदतीला घ्यावे, पण त्याचा शिक्षक करू नये.

सुरुवात कुठे करावी, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली असून तेथे मुलांची तपासणी विनामूल्य होते. बालरोगतज्ज्ञांनी 'थोडे थांबू, बोलेल' असे सांगितले, तरी शंका असल्यास ही तपासणी करून घ्यावी. घरी जाताना पुढील महिनाभर कोणती दोनच कौशल्ये घ्यायची, हे तेथील तज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.