खतावणीत कारागीरही हवा

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना वाटेत इच्छापोर लागते. हिरे व दागिने घडविणाऱ्या कारखान्यांची वसाहत म्हणून या गावाचे नाव आज व्यापारी जगतात घेतले जाते. या व्यवसायात हिऱ्याइतकेच मोल आता हिऱ्याविषयीच्या नोंदीलाही आले आहे. मुंबईच्या बाजारपेठेनेही या बदलाची दखल घेणे अगत्याचे आहे.

कच्चा हिरा येतो परदेशातून, त्याला पैलू पडतात सुरतेत आणि त्याचे सौदे होतात पुष्कळदा मुंबईत. खरेदीची वही डॉलरांत बोलते, कारखान्याची कॅरटांत, तर मजुरीची नगांत आणि रुपयांत. गेल्या तीन वर्षांत कोणत्या खाणीच्या मालात सर्वाधिक घट आली, एवढे जरी मालकाने विचारले, तरी या वह्यांची तोंडे तीन दिशांना असतात! आपल्या जुन्या पेढ्यांना ही अडचण अपरिचित नव्हती. व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत टिपावयाचा आणि मग खतावणीत तो खातेवार मांडावयाचा, ही त्यांची रीत होती. ‘डेटा वेअरहाउस’, म्हणजे माहितीचे कोठार, हा त्याच तत्त्वाचा संगणकीय विस्तार म्हणता येईल. विल्यम इन्मन या अमेरिकी तज्ज्ञाने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची लक्षणे सांगितली. माहिती विषयवार असावी, ठिकठिकाणची माहिती एका मापात आणलेली असावी, तिचा कालक्रम राखला जावा आणि एकदा कोठारात पडलेली नोंद मागाहून बदलली जाऊ नये.

ही शिस्त आता ऐच्छिक राहिलेली नाही. जी-७ राष्ट्रांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि १ मार्चपासून, अन्य देशांत पैलू पाडलेल्या मोठ्या रशियन हिऱ्यांवरही ते लागू केले. साहजिकच हिऱ्याचे मूळ कागदोपत्री सिद्ध करण्याची जबाबदारी सुरतेवर येऊन पडली.

परंतु कोठारातून निघते तेच, जे त्यात भरले गेले असते. हिऱ्याचे वजन प्रत्येक टप्प्यावर सेंटपर्यंत, म्हणजे कॅरटच्या शंभराव्या भागापर्यंत, टिपले जाते. त्याला पैलू पाडणाऱ्या कारागिराला मात्र नगावर मजुरी मिळते आणि अनेक छोट्या कारखान्यांत त्याच्या हाती वेतनचिठ्ठीही पडत नाही. मंदीत काम गेले की, आपण कोठे व किती वर्षे राबलो, हे त्याला सिद्ध करता येत नाही. दगडाची वंशावळ सांगणाऱ्या धंद्याला हे शोभणारे नाही.

यासाठी नव्या यंत्रांची गरज नाही. पुडी कोणाच्या हाती दिली, याची नोंद कारखान्यात होतच असते. तिच्याशी कामाचे दिवस व मजुरी जोडून कारागिराला दरमहा चिठ्ठी द्यावी, एवढाच आमचा आग्रह आहे. मालकांच्या संघटनांनी तो मानावा. न मानल्यास शासनाच्या कामगार खात्याने तो मानावयास लावावा.